सीडी वॉलेट वर्षभर वापरल्यावर: ओरखडे राहिले बाजूला, नुकसान झालं ते छापील बाजूचं

एका सीडीचं शेवटचं गाणं अडकायला लागलं, विक्रेत्याशी बरीच लिहालिही झाली आणि तिचा शेवट काही चांगला झाला नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. वॉलेट कोणत्या कंपनीचं ते सांगत नाही, कारण बहुतेकांची बांधणी सारखीच असते. चेनचं कव्हर, आत पानं, पानाच्या दोन्ही बाजूंना खिसे, खिशात मागे मऊ कापड आणि पुढे पारदर्शक प्लास्टिक. हे पुढचं प्लास्टिक लक्षात ठेवा.

वॉलेट घेतलं ते जागेसाठी. ज्वेल केस म्हणतात ती नेहमीची प्लास्टिकची डबी 10 मिमी जाडीची असते, म्हणजे 100 सीडींना सरळ एक मीटर फळी लागते. आतली चकती जेमतेम 1.2 मिमी. त्या शंभर चकत्या एकावर एक ठेवल्या तर 12 सेंटीमीटरमध्ये बसतील, बाकी सगळी जागा हवा आणि प्लास्टिक खातं. सुरुवातीचे काही महिने मी वॉलेटवर अगदी खूश होतो. पानं उलटायची, हवी ती सीडी काढायची, लावायची. चेन आजही नीट चालते, शिवण कुठे उसवलेली नाही, आणि रिंगची पानं हवी तशी मागेपुढे करता येतात. या बाबतीत तक्रार शून्य.

मग एकदा धूळ पुसायला म्हणून एक सीडी टॉर्चखाली तिरकी धरली. चमकत्या बाजूवर केसासारख्या बारीक रेषा होत्या, आणि एका गटातल्या सगळ्या रेषा एकमेकींना समांतर होत्या. हे नीट पाहण्यासारखं आहे. खिशात सीडी सरळ रेषेत सरकते. कापडात धुळीचा कण अडकलेला असेल तर तोही सरळ रेषच ओढतो. पण सीडीवरचा ट्रॅक, म्हणजे जिच्यावर माहिती लिहिलेली असते ती बारीक रेष, गोल फिरतो. त्यामुळे तीच सरळ रेष वरच्या आणि खालच्या भागात ट्रॅकला आडवी छेदते, तर डाव्या-उजव्या कडेला ट्रॅकच्या जवळजवळ बरोबरीने धावते. सीडी दर वेळी वेगळ्या कोनात आत जाते, म्हणून कालांतराने रेषांची जाळी तयार होते. माझ्या ज्या सीडी सतत बाहेर निघायच्या त्यांच्यावर ही जाळी स्पष्ट होती, ज्यांना महिनोन्महिने हात लागला नव्हता त्या स्वच्छ होत्या. म्हणजे सीडी खिशात नुसती पडून राहिल्याने रेषा येत नाहीत, आत-बाहेर करण्याने येतात.

आडवा ओरखडा आणि ट्रॅकच्या दिशेने गेलेला ओरखडा यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि पुसताना बहुतेक लोक नेमकं इथेच उलटं करतात. सीडीत चूक दुरुस्त करण्याची सोय मुळातच आहे. माहिती एका जागी सलग न लिहिता विखरून लिहिलेली असते, सोबत जादा तपासणी-माहिती असते, त्यामुळे ट्रॅकवरची सुमारे 2.5 मिमी लांबीची सलग खोटसुद्धा पूर्ण भरून निघते. आडवी रेष ट्रॅकचा अगदी छोटा तुकडा तोडते आणि पुढच्या फेऱ्यात पुन्हा छोटा तुकडा, ते प्लेअरला पचतं. ट्रॅकबरोबर धावणारी रेष सलग मोठा तुकडा खाते. म्हणून सीडी पुसायची ती मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ. गोल गोल कधीच नाही.

शिवाय लेझर वाचतो तो थर पृष्ठभागावर नसतोच. किरण 1.2 मिमी पॉलिकार्बोनेटमधून, म्हणजे चकतीच्या पारदर्शक प्लास्टिकमधून, पार जाऊन पलीकडच्या थरावर एकवटतो. चकतीच्या पृष्ठभागावर त्याचा ठिपका जवळपास 0.8 मिमी रुंद असतो आणि माहितीच्या थरावर पोचेपर्यंत तो दोन मायक्रॉनच्याही आत येतो. त्यामुळे पृष्ठभागावरची बारीक रेष किंवा धूळ त्याला धूसरच दिसते.

हे सगळं माहीत असूनही त्या जाळीने जीव खालीवर झाला आणि कापडावर माझा पक्का राग बसला. इथपर्यंतच लिहिलं असतं तर निकाल सोपा होता: वॉलेट घेऊ नका, कापड सीडी खातं. पण राग धरण्याआधी तपासावं म्हणून रेषा पडलेल्या सगळ्या सीडी आणि अडकणारी ती एक, एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीमधून संगणकावर उतरवून घेतल्या. हा प्रोग्रॅम शंका येईल तो भाग पुन्हा पुन्हा वाचतो, आणि अ‍ॅक्युरेटरिपमुळे इतरांनी त्याच सीडीची उतरवलेली प्रत आपल्या प्रतीशी जुळते का तेही कळतं. जाळी पडलेल्या जवळजवळ सगळ्या सीडी तंतोतंत जुळल्या. एका बिटाचाही फरक नाही. तेव्हा कापडाबद्दलचं मत मी बदललं. रेषा डोळ्यांना खुपतात, सीडी विकायची असेल तर किंमत पाडतात, पण गाणं बिघडवत नाहीत.

जी सीडी अडकत होती ती मात्र जुळली नाही, आणि तिच्या चमकत्या बाजूवर सांगण्यासारखा एकही ओरखडा नव्हता.

सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे भरलेल्या सीडीचं शेवटचं गाणं बाहेरच्या कडेजवळ असतं. ती दिव्यासमोर धरली तर कडेपासून थोडं आत टाचणीने टोचावेत तसे प्रकाशाचे ठिपके दिसले, आणि एका ठिकाणी नखाएवढा विरळ पट्टा. उलटून छापील बाजू पाहिली तर तिथे शाई निघालेली. वॉलेटच्या त्या खिशात पारदर्शक प्लास्टिकच्या आतल्या अंगाला तीच शाई उलटी उमटून चिकटली होती. मग आठवलं, ही सीडी काढताना दर वेळी पट्टी सोलल्यासारखा चर्र आवाज यायचा.

सीडीची नाजूक बाजू कोणती, हे बहुतेकांच्या डोक्यात उलटं बसलेलं असतं. खालून 1.2 मिमीचं कवच आहे. वरून काय आहे? अ‍ॅल्युमिनियमचा साधारण 50 ते 100 नॅनोमीटरचा थर, त्यावर काही मायक्रॉन लाखेचा लेप, त्यावर छपाई. बस. लेप सुटला की अ‍ॅल्युमिनियम त्याच्याबरोबर येतं, आणि परावर्तन करणारा थर गेला की लेझरला वाचायला काही उरतच नाही. खालचा ओरखडा घासून, पॉलिश करून घालवता येतो. वरून गेलेला तुकडा कोणत्याही यंत्राने परत येत नाही.

वॉलेटचं कापड त्या जाड कवचाची काळजी घेतं आणि चिकट प्लास्टिक थेट या लेपावर दाबून बसतं. वॉलेट गच्च भरलं, चेन लावली, वर आणखी दोन वॉलेटं ठेवली की दाब वाढतो. गरम दिवसांत हे प्लास्टिक मऊ पडतं. वासावरून आणि स्पर्शावरून ते मऊ पीव्हीसी वाटतं. मऊ पीव्हीसीमध्ये त्याला लवचीक ठेवणारी द्रव्यं मिसळलेली असतात आणि ती हळूहळू बाहेर झिरपतात, म्हणूनच सीडी असोत की फोटो, जपायच्या वस्तू त्यात ठेवू नयेत असं सांगतात. पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिथिलीन या दुसऱ्या प्लास्टिकांना हा त्रास नाही.

आता विक्रेत्याचं. वॉलेटच्या वर्णनात ओरखड्यांपासून पूर्ण संरक्षण असं लिहिलं होतं. मी खिशाचा फोटो पाठवला, उलटी शाई दिसत होती. उत्तर आलं, सीडीच्या चमकत्या बाजूचा फोटो पाठवा. पाठवला. उत्तर आलं, ओरखडे दिसत नाहीत, तक्रार ग्राह्य नाही. मी पुन्हा लिहिलं की नुकसान छापील बाजूचं आहे. पुन्हा उत्तर तेच, चमकत्या बाजूचा जवळून घेतलेला फोटो पाठवा. शेवटी तसंच दुसरं वॉलेट बदलून देण्याची तयारी दाखवली. ज्या प्लास्टिकने सीडी खराब केली तेच प्लास्टिक मी पुन्हा कशाला घेऊ? नाकारलं. सीडीची भरपाई कोणी देणार नव्हतंच, पण चूक कुठे आहे एवढं तरी कबूल करायला हवं होतं. सीडी जपण्याचं सामान विकणाऱ्याला सीडीची कुठली बाजू जपायची हे माहीत नसणं मला अजिबात पटत नाही.

जुन्या डब्या मी टाकल्या नव्हत्या, त्यामुळे मूळ सीडी परत डब्यांत गेल्या. डबीत सीडी फक्त मध्यभागी पकडली जाते आणि कडेला टेकते. वाचायच्या भागाला आणि छपाईला काहीच लागत नाही. 1982 साली सीडी बाजारात आली तेव्हापासून इतक्या प्रकारची कव्हरं आली, पण इतकं साधं आणि अचूक काम दुसऱ्या कशालाही जमलेलं नाही.

या डबीचा खरा शत्रू म्हणजे सीडीचं भोक पकडणारे मधले दाते. डबीचं प्लास्टिक, पॉलिस्टायरीन, ठिसूळ असतं, एक दाता गेला की सीडी सैल होते, दोन-तीन गेले की ती आत फिरते. तुटलेला दाता आतच राहिला तर तो फिरणाऱ्या सीडीखाली गोल रेष काढतो, म्हणजे नेमकी ट्रॅकच्या दिशेने जाणारी, सर्वांत वाईट. म्हणून डबी हलवून खुळखुळ आवाज आला तर आधी उघडून तुकडा झटकायचा. सीडी काढताना कडेला धरून वर ओढायची नाही, त्याने चकती वाकते आणि दातेही मोडतात. मधल्या दात्यांवर बोट दाबायचं, सीडी सुटते, मग कडेने उचलायची.

दाते तुटले म्हणून पूर्ण डबी फेकणं मला परवडत नाही आणि पटतही नाही. डबीचे झाकण, तळ आणि मधला ट्रे असे तीन सुटे भाग असतात. ट्रे कडेकडून हळूच उचलला की निघतो, मागचा छापील कागद खाली मोकळा होतो, आणि दुसऱ्या डबीतला चांगला ट्रे तिथे दाबून बसवता येतो. भंगारात जाणाऱ्या डब्यांचे ट्रे मी जमवून ठेवतो. जुन्या डब्यांचे जरा जाड असतात, नव्या हलक्या डब्यांपेक्षा चांगले टिकतात.

दोन-तीन सीडींचे जुने जाड संच असतील तर आज उघडून पाहा. त्यात सीडीवर फोमची चकती ठेवलेली असते. हा फोम कालांतराने विरघळल्यासारखा होऊन छापील बाजूला चिकटतो आणि लेप खातो. मी सगळे फोम काढून टाकले. पुठ्ठ्याच्या पाकिटातल्या सीडींना आत पातळ पॉलिथिलीनचं पाकीट घातलं, कारण पुठ्ठ्यातून ओढताना दोन्ही बाजू घासतात. सीडी फळीवर पुस्तकासारख्या उभ्या ठेवतो, उन्हापासून दूर. घरी लिहिलेल्या सीडींना तर ऊन आणखी वाईट, त्यांत माहिती रंगद्रव्याच्या थरात असते. आणि कोणत्याही सीडीवर चिकटपट्टीचं लेबल लावू नका, ते सोलताना लेपही घेऊन येतं.

वॉलेट फेकलेलं नाही. गाडीत वाजवायच्या प्रती त्यात आहेत, त्या खराब झाल्या तर पुन्हा लिहिता येतात. नवीन घेणार असाल तर चेन आणि खिशांची संख्या पाहण्याआधी पारदर्शक बाजूला अंगठा दाबून ओढा. अंगठा चिकटत असेल किंवा उग्र प्लास्टिकचा वास येत असेल तर परत ठेवा. पॉलिप्रोपिलीन असं स्पष्ट लिहिलेलं मिळालं तर घ्या, खिसे गच्च भरू नका, आणि ज्या सीडी आता पुन्हा मिळणार नाहीत त्या त्यात ठेवू नका.