सोअरिंग: फिल्म गेली, डिजिटल आलं – वापरानंतरचा अनुभव

सोअरिंग म्हणजे पाळण्यात बसवून, समोरच्या पडद्यावरच्या चित्रपटातून उडण्याचा भास देणारी डिस्नेची राईड. कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर आणि एपकॉट या डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांमध्ये तिचे जुना आणि नवा असे दोन्ही चित्रपट पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या रांगांतून पाहिल्यावरचं मत आधीच सांगतो. डिजिटलमुळे चित्र स्वच्छ झालं, पण ही राईड चांगली वाटणार की वाईट, ते आता पूर्वीपेक्षाही जास्त तुमच्या सीटवर ठरतं.

राईडचा सांगाडा २००१ पासून तोच आहे. ८७ जण बसतात, पाळणे सुमारे ४० फूट वर उचलले जातात आणि समोर ८० फुटी घुमटाकार पडदा असतो. बदललं ते फक्त चित्र. मूळ 'सोअरिंग ओव्हर कॅलिफोर्निया' आयमॅक्सच्या ७० मिमी फिल्मवर, सेकंदाला ४८ फ्रेम या वेगाने चालायचा. एका फ्रेमला फिल्मच्या कडेची १५ छिद्रं, म्हणजे सेकंदाला जवळजवळ साडेतीन मीटर फिल्म सरकणार. पाच मिनिटांचा हिशेब केला तर एक किलोमीटर! एवढी लांब पट्टी दिवसभर प्रोजेक्टरमधून फिरत राहिली की झिजणारच. चरे पडायचे, धूळ चिकटायची आणि निळ्या आकाशात काळे ठिपके नाचायचे. ४८ फ्रेमचा फायदा मात्र खरा होता. नेहमीच्या २४ फ्रेमला एवढ्या मोठ्या पडद्यावर जवळच्या वस्तू झरकन सरकल्या की धक्के खात गेल्यासारख्या दिसतात, आणि डोळ्यांना त्रास होतो.

जून २०१६ मध्ये 'सोअरिंग अराउंड द वर्ल्ड' हा नवा चित्रपट आला, आणि तोवर फिल्मच्या जागी डिजिटल लेझर प्रोजेक्शन आलं होतं. ठिपके गेले, चित्राची थरथर गेली, रंग पहिल्या खेळापासून शेवटच्या खेळापर्यंत सारखे. घुमटाचा एक जुना दोष मात्र तसाच राहिला. पडद्याच्या उजळ भागाचा प्रकाश समोरच्या भागावर उसळतो, त्यामुळे बर्फाच्या किंवा आकाशाच्या दृश्यात काळा रंग राखाडी दिसतो. प्रोजेक्टर बदलून ते जात नाही.

खरी गोची भूमितीची आहे. सपाट पडद्यावर सरळ रेघ कुठूनही पाहिली तरी सरळच दिसते. घुमटावर तीच रेघ वक्र पडते, आणि ती सरळ भासते फक्त मधल्या एका जागेवरून. जुन्या चित्रपटात बहुतेक डोंगर, जंगल, समुद्र, संत्र्याच्या बागा. डोंगर थोडा वाकला तर कुणाला कळतंय? नव्यात आयफेल टॉवर आहे, आणि कडेच्या सीटवरून तो केळ्यासारखा वाकलेला दिसतो. ताजमहालाचे मिनारही तसेच. (मिनार प्रत्यक्षात किंचित बाहेर झुकवूनच बांधले आहेत, पण इतके नाहीत हो!) याचा दोष डिजिटलला देणारे चुकतात; दोष घुमटावर उंच, सरळ वास्तू निवडणाऱ्यांचा.

दृश्यं जोडण्याची पद्धतही बदलली. पूर्वी थेट कट असायचा. आता हत्तींनी उडवलेली धूळ किंवा पतंग अंगावर येतो आणि त्याआडून पुढचा देश उघडतो. मुलं हात पुढे करतात, खूश होतात. मला मात्र संगणकावर बनवलेले प्राणी दुसऱ्याच फेरीत खोटे वाटू लागले. ताजमहालाजवळ येणारा गुलाबाचा वास छान आहे, पण जुन्या चित्रपटातल्या संत्र्याच्या वासाची सर त्याला नाही.

आता सीट. चढण्याच्या ठिकाणी कर्मचाऱ्याला 'बी १' मागा, म्हणजे मधला विभाग, पहिली रांग. एखादा खेळ थांबावं लागतं, थांबा. ही रांग सर्वांत वर जाते, त्यामुळे डोक्यावर कुणाचे पाय लोंबत नाहीत. तिसऱ्या रांगेतून ते दिसतातच, आणि स्वच्छ चित्रासमोर ते जास्तच डोळ्यांत भरतात. बी १ मिळालं नाही तर बी २ घ्या. पहिली रांग हवी म्हणून कडेच्या ए किंवा सी विभागात जाऊ नका: टॉवर वाकडा दिसण्यापेक्षा वर पाय दिसलेले परवडले.

मुलांसाठी उंचीची अट १०२ सेमी. सीटच्या पाठीवरच्या खुणेपर्यंत मूल पोचत नसेल तर कमरेचा पट्टा पायांमधल्या फासातून ओवून घ्यावा लागतो. हे रांगेतच मुलाला सांगून ठेवा, नाहीतर आयत्या वेळी रडारड होते. सैल चपला आधीच काढून खाली ठेवा. मळमळ वाटली तर नजर क्षितिजावर ठेवा. तेवढ्याने भागलं नाही तर डोक्यावरच्या छताच्या कडेकडे बघा, ती पाळण्याबरोबरच हलते. उंचीची भीती असणाऱ्यांना मात्र तिसरी रांगच बरी, कारण ती जमिनीच्या सर्वांत जवळ राहते.

खोपोलीच्या इमॅजिकातली 'आय फॉर इंडिया' याच जातीची राईड आहे. तिथेही मधली सीट मागून बघा.