कमरेचा पट्टा: जोहान्सबर्गमधल्या सात महिन्यांचा अनुभव

पैसे-पासपोर्ट ठेवायला कपड्यांच्या आत कमरेला बांधायचा कापडी पट्टा निघण्याआधी नाशिकला साडेसहाशे रुपयांना घेतला. मार्च ते सप्टेंबर ऑफिसच्या कामासाठी जोहान्सबर्गला होते आणि तो जवळजवळ रोज अंगावर होता. माझी आजी नऊवारीच्या कनवटीला नोटा खोचून बाजारात जायची, कल्पना तीच.

आधी चांगलं सांगते. पट्टा चपटा आहे, कुर्त्याखाली अजिबात दिसत नाही, चेन अजून नीट चालते. जोहान्सबर्ग साधारण 1,750 मीटर उंचीवर, हवा कोरडी. जून-जुलैच्या थंडीत स्वेटरखाली तो आहे हेही विसरायला होतं. समुद्रकाठच्या दमट डरबनला मात्र तीन दिवसांत घामाने भिजला आणि पासपोर्टची पानं फुगली. तेव्हापासून आत आधी झिपलॉकची पिशवी. पुढे तर पासपोर्ट खोलीवरच कुलपात ठेवायला लागले. दक्षिण आफ्रिकेत पोलीस ठाण्यात छायाप्रत फुकट साक्षांकित करून देतात, फिरताना मला तीच पुरली.

सुरुवातीला एक मोठी चूक केली. जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्ग भागात मसाले घेताना सुटे कमी पडले म्हणून दुकानातच कुर्ता वर करून पट्ट्यातून नोट काढली. गल्ल्यावरचे वयस्कर चाचा हळूच म्हणाले, "बेटी, इथे असं सगळ्यांसमोर काढू नकोस." पट्टा लपलेला असेल तोवरच त्याचा उपयोग. त्या दिवसापासून खर्चाचे दोनशे रँड (तिथलं चलन) आणि मुदत संपलेलं एक कार्ड वेगळ्या पाकिटात, वरच्या खिशात. कुणी धमकावलंच तर ते पाकीट मुकाट्याने देऊन टाकायचं. तिथे चोराकडे पिस्तूल असणं नवलाचं नाही, हुज्जत घालायची नाही.

पट्टा खरा कामी आला ऑगस्टमध्ये. संध्याकाळी टॅक्सीत मागे बसले होते, मोबाईल मांडीवर. सिग्नलला (तिथे त्याला 'रोबोट' म्हणतात) गाडी थांबली, काच फुटल्याचा आवाज झाला, एक हात आत आला आणि मोबाईल गेला. मी ओरडेपर्यंत सगळं संपलं होतं. ड्रायव्हरने तिथे थांबायचं नाव घेतलं नाही. पुढच्या उजेडातल्या पेट्रोल पंपावर गाडी नेली आणि मगच 10111 या पोलिसांच्या नंबरला फोन केला. ओढणीच्या घडीत दोन दिवसांनीही काचेचे कण सापडत होते.

बँकेचं ॲप, सहकाऱ्यांचे नंबर, सगळं त्या मोबाईलमध्ये. कमरेला एक जादा कार्ड, पाचशे रँड आणि हाताने नंबर लिहिलेली चिठ्ठी होती. पेट्रोल पंपाच्या स्वच्छतागृहात जाऊन ती काढली आणि ड्रायव्हरच्या फोनवरून बँकेला कळवलं. तक्रारीचा केस नंबर लिहून घेतला, विम्याला तोच लागला. घ्यायच्या आधी मी फक्त पासपोर्ट आणि पैशांचा विचार केला होता, त्या रात्री सगळ्यात मोलाची ठरली ती चिठ्ठी.

त्या चोरीनंतर गाडीत मोबाईल पर्समध्ये आणि पर्स पायाशी. काच सहज फुटू नये म्हणून गाडीच्या काचांना फिल्म असेल तर बरं. रिमोटचा सिग्नल अडवून गाड्या उघड्या ठेवणारे चोर पार्किंगमध्ये असतात, त्यामुळे ऑफिसातले सगळे कुलूप लावल्यावर दार हाताने ओढून बघायचे. एटीएम मॉलच्या आतलंच, आणि 'मदत करतो' म्हणत जवळ येणाऱ्याच्या हातात कार्ड द्यायचं नाही. विमानतळावरून शहरातल्या सँडटन भागात जायला गौट्रेन ही जलद रेल्वे मला सगळ्यात सोयीची वाटली.

घेणार असाल तर गडद रंग टाळा, हलक्या कपड्यातून दिसतो. बक्कल दाबून ओढून बघा, माझं दोनदा सैल झालं. पुढच्या महिन्यात मावसबहीण केपटाउनला निघाली आहे. पट्टा धुऊन तिला दिलाय, आणि आतल्या चिठ्ठीवरचे नंबर तिच्याकडून तिच्याच अक्षरात लिहून घेतलेत.