नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या लॅबचं ‘हार्ट पॅकेज’: सॅम्पल घेणं उत्तम, यादी फुगवलेली

सॅम्पल घेण्याच्या कामाला पैकीच्या पैकी मार्क. पेशंटला आधी दहा-पंधरा मिनिटं खुर्चीत बसवतात आणि दंडाचा पट्टा मिनिटाच्या आत सोडतात. पट्टा आवळलेलाच राहिला तर रक्तातलं पाणी शिरेबाहेर झिरपतं आणि कोलेस्टेरॉल उगाच वाढीव दिसतं. पिवळ्या झाकणाची ट्यूब हलक्या हाताने उलटीपालटी करून अर्धा तास उभी ठेवतात, मगच सेंट्रिफ्यूज (रक्त गरगर फिरवून त्याचे भाग वेगळे करणारं यंत्र).

घरून सॅम्पल नेणाऱ्या मुलाचं काम तितकं चोख नाही. ट्यूब बाइकच्या डिकीत टाकून सातपूर, अंबड फिरत तो दुपारी पोचतो. कोलेस्टेरॉलला त्याने फारसा धक्का लागत नाही, पण त्याच ट्यूबमधून साखर काढली तर ती कमी येणार. रक्तपेशी तासाला ५ ते ७ टक्के साखर फस्त करतात. करड्या झाकणाची वेगळी ट्यूब मागून घ्या, तिच्यातलं रसायन हे साखर खाणं रोखतं.

आता यादी. लिपिडच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या, आठ ओळींपैकी प्रत्यक्ष मोजलेल्या तीनच: एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल), ट्रायग्लिसराइड (साठवणीची चरबी). बाकी गणित. समजा हे आकडे २१०, ४० आणि २०० आले. २०० भागिले ५ म्हणजे व्हीएलडीएल (ट्रायग्लिसराइड वाहणाऱ्या कणांतलं कोलेस्टेरॉल) ४०, मग २१० मधून ४० आणि ४० वजा करून एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १३०, आणि एचडीएल सोडून उरलेलं सगळं, म्हणजे नॉन-एचडीएल, १७०. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की एलडीएलचं हे सूत्र चालत नाही. तेव्हा डायरेक्ट एलडीएल (गणिताऐवजी थेट मोजलेलं) करायला सांगा, ते लोक स्वतःहून करत नाहीत.

पॅकेजवर ‘धमन्यांची संपूर्ण तपासणी’ असं छापलंय, ते खटकतं. धमनीच्या भिंतीत काय चाललंय ते या ट्यूबमध्ये दिसत नाही. तिथे ऑक्सिडाइज झालेलं एलडीएल लॅक्टोसिलसेरामाइड हा ग्लायकोलिपिड (साखर जोडलेली चरबी) बनवणाऱ्या एन्झाइमला चेतवतं. त्या ग्लायकोलिपिडच्या इशाऱ्यावर गुळगुळीत स्नायूंच्या पेशी वाढत सुटतात आणि भिंत जाड होते. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१४ मध्ये हे ग्लायकोलिपिड बनणं रोखणारं डी-पीडीएमपी नावाचं रसायन उंदरांना दिलं, तेव्हा धमन्यांचा आजार आटोक्यात राहिला. पण ते उंदरांत. तुमच्या-आमच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ग्लायकोलिपिडची ओळच नसते.

पैसे घालायचेच तर एपोबी (एलडीएलसारख्या घातक कणांवरचं प्रथिन) आणि लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच, पण आनुवंशिकतेने ठरणारा कण) यांवर घाला. दोन्ही इथे होतात, पण पॅकेजबाहेर. लायपोप्रोटीन-ए बहुतेकांना आयुष्यात एकदा पुरतं; दर डेसीलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर आलं तर डॉक्टरांना दाखवाच. पॅकेजमधली एचएस-सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी) मात्र सर्दी-तापात करू नका, आकडा फुगून येतो.