अँगलरफिशचं मॉडेल : पोरीसाठी घेतलं, बघत मीच बसलो

खोल समुद्रातल्या हंपबॅक अँगलरफिशचं रबरी मॉडेल घेतलं आणि खरंच मस्त बनवलंय, दात काचेसारखे, आत वळलेले, कातडी एकदम काळीकुट्ट, आणि डोक्यावरचा दांडा पाठीच्या पराच्या काट्यापासूनच तयार झालेला दाखवलाय हे बघून फार बरं वाटलं. टोकाचा गोळा अंधारात चमकतो, खऱ्या माशात हा उजेड आत राहणारे बॅक्टेरिया देतात. पण डोळेपण चमकवलेत ते चुकलंय, डोळे बारीक असतात अन् ते चमकत नाहीत. आणि सोबतचा नर मादीएवढाच दिलाय! खरी मादी साधारण १८ सेंमीपर्यंत वाढते, नर जेमतेम ३ सेंमी, आणि त्याला तो दांडा नसतोच. कंपनीने एवढं सुधाराच प्लीज. तरी घ्या, पोरगी खाली ठेवायला तयार नाही.