स्क्रिप्ट कंट्रोल आणि 'क्लास नॉट रजिस्टर्ड': सात महिने वापरल्यानंतर

आमच्या पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये भत्ते-कपातीचे फॉर्म्युले व्हीबीस्क्रिप्ट या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या स्क्रिप्ट भाषेत आहेत, सी शार्पचा प्रोग्राम ते मायक्रोसॉफ्टच्या स्क्रिप्ट कंट्रोलमधून (दुसऱ्या प्रोग्रामच्या आतून स्क्रिप्ट चालवणारा घटक) चालवतो. वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं. मग प्रोग्राम डॉटनेट (सी शार्पचे प्रोग्राम ज्यावर चालतात ती मायक्रोसॉफ्टची प्रणाली) ४.८ वरून ८ वर आणला आणि पहिल्याच रनला एरर ८००४०१५४, क्लास नॉट रजिस्टर्ड. तेही ऐन पगाराच्या आठवड्यात, पोटात गोळाच आला.

एररचं नाव वाचून कुणीही करेल तेच केलं, अॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडला, रेगएसव्हीआर३२ या विंडोजच्या नोंदणीच्या टूलने एमएसस्क्रिप्टची ओसीएक्स, म्हणजे स्क्रिप्ट कंट्रोलचीच फाइल, रजिस्टर केली, तो म्हणतो सक्सीडेड आणि प्रोग्राम म्हणतो नॉट रजिस्टर्ड. यातच दोन दिवस गेले. खरं म्हणजे दोघंही बरोबर होते. ही ओसीएक्स फक्त ३२-बिटमध्येच आहे, तिची नोंद रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) वाऊ६४३२नोड या ३२-बिटसाठीच्या वेगळ्या भागाखाली होते आणि ६४-बिट प्रोसेस तिथे बघतच नाही. जुन्या प्रोजेक्टमध्ये एनी सीपीयू (३२ किंवा ६४-बिट, कशातही चालणारा) सेटिंगसोबत 'प्रिफर ३२-बिट'ला टिक होती म्हणून इतकी वर्षं निभावलं, डॉटनेट ८ वर तोच प्रोग्राम ६४-बिट म्हणून चालायला लागला. त्यात फोल्डरची नावं उलटी, सिस्टम३२ मध्ये ६४-बिट फायली आणि सिसवाऊ६४ मध्ये ३२-बिट, नवीन माणूस इथे हमखास चुकतो.

शेवटी प्लॅटफॉर्म टार्गेट एक्स८६, म्हणजे ३२-बिट, केलं आणि विन-एक्स८६ साठी पब्लिश केलं. क्लायंटच्या मशीनवर ३२-बिट डॉटनेट रनटाइम नव्हता म्हणून सेल्फ-कंटेन्ड, म्हणजे रनटाइम सोबतच बांधून, दिलं, साइज वाढली पण फोन यायचे थांबले. सात महिने झाले, हा एरर परत एकदाही नाही. मध्ये डीएलएलहोस्टचा सरोगेट (ओसीएक्स वेगळ्या ३२-बिट प्रोसेसमध्ये चालवणारा विंडोजचा मधला प्रोग्राम) लावून ६४-बिटमधून चालवायचाही प्रयोग केला, चालतं, पण प्रत्येक कॉल दुसऱ्या प्रोसेसमध्ये जातो आणि हजारभर कर्मचाऱ्यांच्या रनला ते जाणवतं, मी तरी सुचवणार नाही.

एक्स८६ चा त्रास एकच, मेमरी मर्यादित मिळते. वर्षभराचा मोठा रिपोर्ट काढताना प्रोग्राम दोनदा आडवा झाला, म्हणून रिपोर्ट वेगळ्या ६४-बिट एक्झीमध्ये काढले, तिथे स्क्रिप्ट लागतच नाही.

आता व्हीबीस्क्रिप्टच जाणार हे मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच सांगितलंय, विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून ते ऑप्शनल फीचर झालंय. म्हणून दर महिन्याला पगार झाला की चार-पाच फॉर्म्युले सी शार्पमध्ये आणतोय, जुन्या आणि नव्या आकड्यांचा ताळा जुळला की मगच जुनं काढायचं. ओव्हरटाइमचे अजून बाकी आहेत.