दोन दिवसांत पळालेली गुडघेदुखी

वय ४३, राहतो गोव्यातल्या डिचोलीत, नोकरी म्हापशाला. सुटल्यावर तिथल्याच एका जिममध्ये जातो. गेल्या वर्षी उन्हाळ्यात मला हुरूप आला आणि सहा आठवड्यांत स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन मारायच्या बैठका, ७० किलोवरून ११० वर नेला. जुलैत उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं. अगदी बोट ठेवून दाखवता येईल अशी एकच जागा. कदंब बसमधून उतरताना दांडा घट्ट धरावा लागे.

जिममधला ट्रेनर म्हणाला, "दादा, वजन उचलणाऱ्या प्रत्येकाला हे होतंच. आपल्याकडे आयुर्वेदिक कोर्स आहे, साइड इफेक्ट शून्य." ६० कॅप्सूलचा डबा, २,८०० रुपये. पैसे त्याच्याच मोबाइल नंबरवर. बिल मागितलं तर हसला. डब्यावर शल्लकी, गुग्गुळ, निर्गुडी अशी ओळखीची नावं होती. बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत, यातलं काहीच नव्हतं. दुधाची पिशवीही तारीख बघून घेणारा माणूस मी!

दुसऱ्या संध्याकाळी दुखणं गायब. इथेच मी फसलो. दुखत होतं ते टेंडन, म्हणजे स्नायूची ओढ हाडापर्यंत नेणारा चिवट पट्टा. इतकं ओढलं गेलेलं टेंडन सावरायला महिने लागतात, दोन दिवसांत दुखणं थांबलं म्हणजे ते बरं झालं असं होत नाही. पण ते मला नंतर कळलं. तेव्हा मी आणखी १० किलो चढवले आणि दुसरा डबा घेतला. मग तिसरा.

चतुर्थीला स्टुलावर चढून माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट, मीच बांधली, गुडघ्याने हूं की चूं केलं नाही. नेवऱ्या (करंज्या) किती खाल्ल्या त्याचा हिशेब नाही, भूकच तशी लागायची. मावशी म्हणाली, "चेहरा छान भरलाय रे, जिम मानवलं तुला." मलाही बरं वाटलं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप नसायची, तिचा दोष मी मोबाइलला दिला.

ऑक्टोबरात कोल्हापूरला लग्नाला गेलो आणि डबा घरी राहिला. तिसऱ्या दिवशी उलट्या, चक्कर, हातपाय गळालेले. परत आल्यावर डॉक्टरांनी तोंडाकडे पाहूनच विचारलं, "स्टेरॉइड कोणतं घेताय?" मी म्हटलं, आयुर्वेदिक घेतो. त्यांनी सकाळचं रक्त तपासायला लावलं. साखर वाढलेली आणि कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, अगदी तळाला. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी करतं, असं त्यांनी समजावलं. गोल झालेला चेहरा, सुटलेलं पोट, वाढलेला रक्तदाब, सगळं त्याच माळेतलं. सांधेदुखीच्या अशा बिननावाच्या 'जडीबुटी'त डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं मिसळल्याचे प्रकार अनेक देशांत सापडले आहेत. मला गुण आला तो निर्गुडीचा नव्हता. निर्गुडी बिचारी नाहक बदनाम.

कोणी असं काही घेत असेल तर हे वाचून डबा रागाने फेकून देऊ नका. शरीराला स्टेरॉइडची सवय झालेली असताना ते एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. डबा घेऊन डॉक्टरकडे जा. मला रोजची मोजून गोळी देऊन ती हळूहळू कमी करत आणली, त्यात चार महिने गेले. उरलेल्या कॅप्सूल मी अन्न व औषध प्रशासनाकडे दिल्या. ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, फोन केला तर पहिला प्रश्न बिलाचा. माझ्याकडे फक्त पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट.

गुडघा तर पहिल्यापेक्षा बिघडलाच होता. दुखण्याने ओरडून सांगायचं ते दाबून टाकलं आणि वर वजन चढवत राहिलो. आता फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली ४० किलोवर आहे. खाली जाताना मनात चार मोजायचे, वर येताना चार. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलं नसेल तरच पुढच्या वेळी अडीच किलो जास्त.

त्या जिममधला एक पोरगा अजून तेच घेतो. वयाने माझ्या निम्मा, खांदा दुखतो म्हणून सुरू केलं होतं. मी त्याला माझे रिपोर्ट दाखवले, आधीचा आणि नंतरचा फोटो दाखवला. शांतपणे सगळं पाहून म्हणाला, "पण दादा, मला तर दोन दिवसांत फरक पडला."