घासलेला रुपया आणि काळवंडलेला रुपया

रविवार पेठेतील एका दुकानात व्हिक्टोरिया राणीचे, १८६२ सालचे दोन चांदीचे रुपये एकाच दिव्याखाली शेजारी ठेवले असता पहिला अधिक पांढराशुभ्र दिसतो, आणि प्रतवारीसाठी, म्हणजे नाण्याची अवस्था तपासून अंकी प्रत देणाऱ्या संस्थेकडे पाठवण्यासाठी, नवखा संग्राहक बहुधा तोच निवडतो. मात्र तो सावकाश कलता करून दहापट भिंगातून पाहिला, की मोकळ्या पृष्ठभागावर एकाच दिशेने गेलेले केसासारखे ओरखडे दिसतात, तर अक्षरांच्या कोपऱ्यांत जुना मळ तसाच राहिलेला असतो. लक्ष्मीपूजनासाठी रांगोळीने किंवा राखेने घासलेल्या देव्हाऱ्यातील नाण्यांची हीच खूण होय.

दुसरा रुपया करडा, कडेला निळसर तपकिरी आहे. पण तो फिरवताच, ठशाच्या दाबाने धातूत उमटलेल्या सूक्ष्म रेषांवरून प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो, आणि ही मूळ झळाळी एकदा गेली की कशानेही परत येत नाही. वापरातील ओरखडे त्यावरही आहेत, परंतु ते वेगवेगळ्या दिशांचे आहेत. रसायनात बुडवलेले नाणे ओळखणे याहून कठीण, कारण तेथे ओरखडे नसतात, केवळ निर्जीव पांढरेपणा असतो. मी दुसराच पाठवीन, कारण घासलेल्या नाण्याला प्रतवारी संस्था सहसा अंकी प्रत न देता साफ केल्याचा शेरा देतात.